वहीतला शेवटचा रकाना

पत्र : मी कराडची. गेल्या वर्षी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाले. १९८६ पासून वाचलेल्या प्रत्येक पुस्तकाची वहीत नोंद ठेवते. आमच्या वाचक गटाने वर्षाला पंचाहत्तर पुस्तकांचा संकल्प सोडला होता, माझी एकाहत्तर झाली. संक्रांतीला भाची आली. तिने वही चाळली आणि विचारलं, "मावशी, यातलं मी कुठलं वाचू?" मला एकाही पुस्तकाबद्दल धड चार वाक्यं सांगता येईनात. "चांगलं आहे", "वाचनीय आहे" याच्यापुढे गाडी जाईना. दुसरं असं, की 'कोसला' मी साठाव्या पानावर सोडली आणि गटावर मात्र "अप्रतिम" लिहिलं, कारण सगळ्यांनी तसंच लिहिलं होतं. तेव्हापासून गटात तोंड उघडावंसं वाटत नाही. माझी स्मरणशक्ती गेली, की मी कधी खरी वाचक नव्हतेच? आणि आमचे हे पुस्तकं मोबाइलवर ऐकतात, ते वाचन धरायचं का?

ताई, नमस्कार.

तुमचं पत्र दोनदा वाचलं, आणि दोन्ही वेळा त्या वहीशी थांबले. १९८६ पासून एकही पुस्तक न चुकवता नोंदवणं सोपं नाही. बदल्या, मुलांची आजारपणं, निवडणुकीची नि जनगणनेची कामं या सगळ्यातून तुम्ही ती वही जपलीत. तेव्हा "मी कधी खरी वाचक नव्हतेच" हे वाक्य पुन्हा लिहू नका. खरी वाचक नसलेली बाई अशी वही ठेवत नाही.

पण वहीत काय लिहिता, ते विचारते. पत्राच्या मागे तुम्ही नमुन्यादाखल एक ओळ उतरवली आहे : अनुक्रमांक, पुस्तकाचं नाव, लेखक, पृष्ठसंख्या, वाचून संपल्याची तारीख. ही नोंद मला फार ओळखीची आहे. एकतीस वर्षं मी तालुक्याच्या गावी सार्वजनिक वाचनालयात देवघेवीच्या टेबलाशी बसले. आमच्या दाखल नोंदवहीत जवळपास असेच रकाने असतात, फक्त तारीख पुस्तक दाखल झाल्याची. दाखल नोंदवही पुस्तक वाचनालयाच्या संग्रहात आलं, एवढं सांगते. ते कुणाच्या मनात काय करून गेलं, हे सांगायचं तिचं कामच नाही. तुमच्याकडून झालंय ते एवढंच. तुम्ही ग्रंथपालाची वही ठेवलीत, वाचकाची ठेवायची राहिली. भाचीने प्रश्न विचारला तेव्हा उत्तर शोधायला जागाच नव्हती.

आता विसरण्याबद्दल. हर्मान एबिंगहाउस नावाच्या जर्मन संशोधकाने १८८५ मध्ये स्मरणावर एक पुस्तक लिहिलं. निरर्थक अक्षरजोड्यांच्या याद्या तो स्वतःच पाठ करायचा आणि तासाने, दिवसाने, महिन्याने त्यातलं किती उरलं ते तपासायचा. त्याला दिसलं ते असं, की बरंचसं पहिल्या काही तासांतच निसटतं, नंतर निसटण्याचा वेग मंदावतो, आणि मधे अंतर ठेवून पुन्हा उजळणी केली तर टिकतं. हे तो ऐन उमेदीत असतानाचं आहे, म्हातारपणीचं नाही. तुम्ही शिक्षिका आहात, पाढे पाठ करून घेताना हे तुम्ही वर्गात रोज पाहिलंय. वर्षात एकाहत्तर पुस्तकं म्हणजे पाच दिवसांना एक. सोमवारी एक संपलं की मंगळवारी दुसरं उघडायचं, मग पहिल्याची उजळणी कधी व्हायची? मन जरा त्या पुस्तकात रेंगाळायला लागलं, की पुढचं येऊन दारात उभं. तुमची स्मरणशक्ती जागेवर आहे, ताई. तिला उसंत मिळाली नाही.

आकड्याचा हा मोह मी जवळून पाहिला आहे आणि त्यात माझाही हात होता, म्हणून जरा सविस्तर सांगते. रोज किती पुस्तकं गेली आणि किती आली, हा आकडा आमच्याकडे महिन्याच्या महिन्याला कार्यकारी मंडळापुढे जायचा. आकडा वाढला की सगळे खूश. एका वर्षी तो खाली आला, तेव्हा मी सभासदांना पातळ पातळ पुस्तकं पुढे करायला लागले. पातळ पुस्तक लवकर परत येतं, देवघेव वाढते. आकडा वाढला. पण पुस्तक परत करताना टेबलापाशी थांबून त्यावर दोन शब्द बोलणारी माणसं कमी झाली. आमच्या शास्त्राचे गुरू रंगनाथन, ज्यांच्या जन्मदिवशी १२ ऑगस्टला आपण ग्रंथपाल दिन पाळतो, त्यांनी १९३१ मध्ये पाच सूत्रं मांडली. प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक मिळावं आणि प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक, ही त्यातली दोन. परीक्षेसाठी ती मी घोकली होती. त्या वर्षी मात्र वाचकाचा हिशेब सोडून मी आकड्याचा हिशेब केला. ते मला अजून लागून राहिलंय.

त्याच सुमारास एक निवृत्त एसटी कंडक्टर आमच्याकडे यायचे. दर आषाढात ते एकच पुस्तक न्यायचे, लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे'. आमची प्रत जुनी, तपकिरी कापडी बांधणीची, कोपरे झिजून आतला पुठ्ठा दिसायला लागलेला. शेवटच्या पानावरची तारखांची चिठ्ठी भरली, की मी तिच्यावरच नवी चिकटवायची, त्यामुळे तिथे चांगला जाड थर झाला होता. आकडा खाली आलेल्या त्या वर्षी मी त्यांना म्हटलं, "काका, यंदा काहीतरी नवीन न्या की." ते म्हणाले, "बाई, न सांगता धर्म बदलून गेलेल्या नवऱ्याकडं ही बाई परत कशी गेली, ते मला अजून नीट उलगडलं नाही. उलगडलं की दुसरं नेतो." चिठ्ठीवर शिक्का मारताना माझा हात थबकला होता. तोवर 'स्मृतिचित्रे' मी एकदाच, कॉलेजात असताना वाचली होती, आणि मला त्यातली गंमत तेवढी आठवत होती.

त्यांच्यामुळे मी ती पुन्हा वाचली, आणि तेव्हापासून दर दोन-तीन वर्षांनी वाचते. यंदा चौथ्यांदा झाली. ना. वा. टिळकांनी १८९५ मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला, तो बायकोला अंधारात ठेवून. मधली काही वर्षं ती दोघं दुरावलेली होती. पुढे लक्ष्मीबाई त्यांच्याकडे गेल्या आणि १९०० मध्ये त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. कंडक्टरकाकांचा प्रश्न याच पाच वर्षांचा होता. पहिल्या वाचनात मी सोवळ्याने पछाडलेल्या वडिलांच्या गोष्टींना हसले. दुसऱ्या खेपेला कळलं, की लेकीने हे सगळं किती माया ठेवून लिहिलंय. तिसऱ्या खेपेला माझे यजमान जाऊन वर्ष झालं होतं, तेव्हा टिळकांच्या माघारी घर पुढे नेणारी लक्ष्मीबाई दिसली. मूल म्हणून शाळेत न बसलेली ही बाई लग्नानंतर अक्षरं शिकली, आणि तिचं मराठी असं आहे की वाचताना शेजारची बाई ओसरीवर बसून बोलतेय असं वाटतं. यंदाच्या वाचनात मला त्यांचा रागही दिसला. त्या तो लपवत नाहीत, फक्त त्याच्या शेजारी हसू ठेवतात. चार वाचनांत चार पुस्तकं झाली, आणि तुमच्या वहीच्या रीतीने ती एकच धरली जाईल.

म्हणून पहिली गोष्ट सांगते ती ही. वहीत शेवटी एक रकाना वाढवा. डोक्यावर "मत" असंही लिहू नका, मत म्हटलं की परीक्षकासारखं लिहायला होतं. रकाना कोराच असू द्या. पुस्तक संपल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, पुस्तक न उघडता, त्यात दोन-तीन वाक्यं लिहा. न उघडता, हे महत्त्वाचं. रात्रभरात जे उरलं तेच तुमचं. "सुंदर", "अप्रतिम", "वाचनीय", "अंतर्मुख करणारं" हे शब्द वर्ज्य करा. मग तुमची तुम्हालाच दुसरे शब्द शोधावे लागतील. काय डोळ्यांसमोर राहिलं, कुठे कंटाळा आला, कुठल्या माणसाचा राग आला, कुणाची आठवण झाली, असं काहीही. आणि महिन्याभराने ती ओळ एकदा वाचा. एबिंगहाउसची उजळणी ती हीच.

नुसतं सांगण्यापेक्षा माझ्याच वहीतलं दाखवते. या पावसाळ्यात उद्धव शेळके यांची 'धग' वाचली. ती १९६० ची कादंबरी, कौतिक आणि तिचा नवरा महादेव यांच्या संसाराची. माझी ओळ अशी आहे : "कौतिकचे हात क्षणभर रिकामे नाहीत. महादेवच्या आजारपणापेक्षा त्याचं आधीचं निवांत बसणं मला जास्त झोंबलं. दुःखावर दुःख येत गेलं तसा मधे मला दम लागला, दोन दिवस बाजूला ठेवली." एवढंच. याला कुणी समीक्षा म्हणणार नाही. पण एवढ्या ओळीवरून मला अख्खी कादंबरी परत आठवते, आणि कुणी विचारलं तर मी अर्धा तास बोलू शकते. एक सांगून ठेवते. त्यातले संवाद वऱ्हाडीत आहेत. आपण कृष्णाकाठची माणसं, सुरुवातीची पानं जड गेली. मग स्वयंपाकघरात कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत मोठ्याने वाचायला लागले, आणि तिसऱ्या दिवसापासून ती भाषा कानात बसली. कौतिक बोलायला लागली की मला तिचा आवाज येऊ लागला. डोळ्यांनी भरभर वाचणाऱ्याला हे पुस्तक दार उघडत नाही. तुम्ही पाच दिवसांच्या हिशेबात वाचलं असतंत, तर नक्की अर्ध्यात ठेवलं असतंत आणि दोष स्वतःला दिला असतात.

त्याच्या आधी 'रणांगण'. विश्राम बेडेकरांची ही कादंबरी १९३९ ची, महायुद्ध पेटलं त्याच वर्षाची, आणि अगदी छोटी. दोन संध्याकाळी संपते. पण संपल्यावर आठ दिवस मी दुसरं पुस्तक हातात धरलं नाही, धरवलं नाही. विशीत मी ती चक्रधर आणि हॅर्टाची प्रेमकथा म्हणून वाचली होती. आता मला, ती कथा ज्या बोटीवर घडते, त्या बोटीवरचे बाकीचे लोक दिसले. देशातून हाकललेले ज्यू, ज्यांना कुठल्या बंदरात उतरू देतील याचा भरवसा नाही. प्रेमकथा तिथेच आहे, पण ती वाचताना आता मन त्या दोघांच्या पाठीमागे उभ्या असलेल्या माणसांकडे जातं. पानांच्या हिशेबात हे पुस्तक तुमच्या वहीत किरकोळ दिसेल. पृष्ठसंख्येचा तो रकाना खरं तर काढूनच टाका.

आणि हो, न आवडलेल्याचीही ओळ लिहिते. गेल्या महिन्यात एक अनुवादित पुस्तक निम्म्यात ठेवलं. वाक्यांना मराठीची चालच नव्हती, प्रत्येक वाक्य दोनदा वाचून मनातल्या मनात दुरुस्त करावं लागत होतं. माझ्या वयाला तेवढा वेळ मी एका पुस्तकाला देऊ शकत नाही. तसंच लिहून ठेवलं.

आता 'कोसला'. तुम्हाला ती साठ पानांत आवडली नाही, यात लाजण्यासारखं काहीही नाही. भालचंद्र नेमाडे यांची ही कादंबरी १९६३ मध्ये आली तेव्हा लेखक पंचविशीतले होते, आणि तिचा पांडुरंग सांगवीकर म्हणजे खानदेशातल्या खेड्यातून पुण्याला कॉलेजात गेलेला, कशातच जीव न रमणारा पोरगा. तुम्ही आयुष्यभर वर्गात पोरांना शिस्त लावलीत. वसतिगृहातला त्याचा उधळेपणा, तेच तेच बोलणं, बापाचे पैसे घालवणं वाचून तुमचा जीव वैतागला असेल, तर ते स्वाभाविक आहे. माझाही पहिल्यांदा वैतागला होता. नंतर मला वाटायला लागलं की तो वैताग पुस्तकानेच मुद्दाम आणलेला आहे. त्या पोराला स्वतःचाही तितकाच वैताग आलाय.

तुम्हाला ती पुन्हा वाचा असं मी म्हणणार नाही, एवढंच म्हणेन की आणखी पुढे जाऊन त्याच्या धाकट्या बहिणीच्या, मनीच्या मृत्यूपर्यंत पोचा. देवी येऊन ती पोर जाते. तिथे पांडुरंगची भाषा कशी होते ते बघा. मराठीत मी वाचलेल्या दुःखाच्या पानांत ती पानं सगळ्यात वर आहेत. ती वाचून झाल्यावर मागची साठ पानं वेगळी दिसली तर पुढे जा, नाही दिसली तर पुस्तक मिटा. मग तुम्ही "सोडली" म्हणाल, ते जाणत्या माणसाचं सोडणं असेल.

राहिला गट. तुम्ही खोटं लिहिलंत, आणि त्यानंतर तोंड उघडवत नाही, कारण पुढचं प्रत्येक बोलणं त्या खोट्याशी जुळवावं लागणार, हे तुमच्या आतल्या माणसाला कळलंय. मला हे चांगलं लक्षण वाटतं. पण ते तसंच कुजू देऊ नका. गटात एवढंच लिहा : "मी 'कोसला' साठ पानांवर सोडली होती, अप्रतिम म्हटलं ते सगळ्यांचं बघून. मला काय खटकलं ते सांगते." आणि खटकलेलं सांगा. एखाददोन जणी दुखावतील. बाकीच्यांपैकी निम्म्या जणी तुम्हाला खाजगीत कळवतील की त्यांनीही पुरी केलेली नाही. वाचनालयात मी हे शेकडो वेळा पाहिलं. गाजलेलं पुस्तक परत करताना माणसं आधी इकडेतिकडे बघतात, मग आवाज उतरवून म्हणतात, "बाई, मला काही जमलं नाही हो." त्यातल्या प्रत्येकाला मी विचारायची, "कुठे अडलं?" आणि जे उत्तर यायचं ते परीक्षणांपेक्षा कितीतरी कसदार असायचं. पुस्तकांवर बोलणं तिथून सुरू होतं. सगळे जण "अप्रतिम" म्हणून हात जोडतात तिथे बोलायला काय उरतं?

पंचाहत्तरचा संकल्प मात्र यंदा करू नका, आणि गटातल्या इतरांनाही सुचवून बघा. महिन्याला दोन नवीन आणि एक जुनं, परत वाचायचं, एवढं पुरे. तुमच्या वहीत १९८६ पासूनची नावं आहेत. त्यातलं कुठलंही एक उघडा, तीस-पस्तीस वर्षांपूर्वीच्या तुमची आणि आजच्या तुमची गाठ पडेल. दुसऱ्या कुणाकडे अशी यादी तयार नसते.

यजमानांचं ऐकणं वाचनच धरा, बिनदिक्कत. आपल्याकडे ज्ञानेश्वरी आणि पोथ्या पिढ्यान्‌पिढ्या ऐकूनच लोकांच्या मुखात बसल्या. उलट तुम्ही दोघांनी एकच पुस्तक घ्या, त्यांनी ऐकायचं, तुम्ही वाचायचं, आणि संध्याकाळच्या चहाला बोलायचं. घरातच गट होईल.

पत्राच्या शेवटी ओझरतं लिहिलंय की रात्री दहानंतर वाचताना अक्षरं धूसर होतात आणि त्याच पानावर तीन-तीनदा यावं लागतं. ते आधी डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा. सकाळचा अर्धा तास वाचायला ठेवा, रात्रीचा आग्रह सोडा.

आता भाची. तिचं वय तुम्ही कळवलं नाही, पण वही चाळून "मी कुठलं वाचू" विचारणारी पोर आहे, म्हणजे तिला तुमच्या शब्दाची किंमत आहे. मी तिला व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' देईन. १९५५ ची आहे, पण जुनी वाटत नाही. लहान आहे, भाषा नितळ आहे, आणि ती माणदेशची, तुमच्या कराडपासून काही तासांवरची. पोरसवदा मास्तर धनगरांच्या वाडीवर शाळा चालवायला जातो. सुरुवातीला पोरंच शाळेत येत नाहीत, आणि वाडीतल्या माणसांना मास्तर कशाला हवा तेच कळत नाही. मग तो त्यांचाच होऊन जातो, तालीम बांधून घेतो, आणि शेवटी दुष्काळात सगळी वाडी उठून जाते. तुम्ही मास्तरीण. पहिल्या नेमणुकीचं गाव, तिथली खोली, पहिल्या दिवशी पटावर किती नावं होती, हे सगळं वाचताना तुमच्या मनात येणारच. ते तिला सांगा. पुस्तक आणि तुम्ही, दोन्ही एकदम तिच्या हाती लागतील.

शक्य असेल तर उन्हाळ्याच्या सुट्टीत तिला घेऊन भिलारला जा. पाचगणीजवळचं हे गाव तुमच्याच जिल्ह्यातलं. २०१७ च्या मे महिन्यात ते पुस्तकांचं गाव झालं. तिथल्या घरांतून, देवळातून, शाळेतून पुस्तकं मांडलेली आहेत, कुणीही बसून वाचावं. एखाद्या घराच्या ओसरीवर दोघी बसा, पुढ्यात स्ट्रॉबेरीचे वाफे, हातात एकेक पुस्तक, आणि वही घरी ठेवा. त्या दिवसाची नोंद नको.

परत आल्यावर मात्र वही उघडा आणि 'कोसला'ची ओळ आधी भरा. साठ पानं वाचलीत, तर साठ पानांचंच लिहा. पण त्यात "अप्रतिम" नको. आणि ते काय लिहिलंत ते मला पोस्टकार्डावर कळवा, मी वाट बघते.